धागा तुटला की माग थांबतो

भिवंडी हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. इतिहासप्रेमींना १६५७ हे वर्ष आठवते. त्या वर्षी शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली आणि खाडीच्या पाण्यात मराठी आरमाराची पायाभरणी झाली. वृत्तपत्रांच्या वाचकाला १९७० आणि १९८४ च्या दंगली आठवतात. नाशिक महामार्गाने जाणाऱ्याला आठवते ती वाहतूक कोंडी आणि मैलोगणती पसरलेली गोदामे. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली, तेव्हा चार दिवस सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे भिवंडीत होते. पाचव्या दिवशी ते परतले.

एका रात्रीत पस्तीस माणसे मेली की ती बातमी होते. तीच माणसे वीस वर्षांत, एकेक करून, खोकत, धापा टाकत, आपापल्या गावी जाऊन मेली तर ती बातमी होत नाही. महानगरपालिकेच्या मृत्यूच्या नोंदीतही ती भिवंडीच्या नावावर चढत नाहीत. ती चढतात आझमगड, गोरखपूर, मधुबनी किंवा करीमनगरच्या एखाद्या खेड्यात, आणि कारण म्हणून लिहिले जाते ‘दमा’ किंवा ‘क्षय’. भिवंडीच्या यंत्रमागांवर तयार होणाऱ्या कापडाचा भाव ज्या बाजारात ठरतो, त्या बाजाराच्या हिशेबवहीत या श्वासाचा रकानाच नाही.

देशातील यंत्रमागांपैकी सुमारे एक तृतीयांश माग या एका शहरात आणि त्याच्या परिसरात असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. अलीकडच्या मंदीत हजारो माग भंगारात गेले, हे मान्य करूनही उरलेला पसारा प्रचंड आहे. शांतीनगर, नारपोली, कामतघर, पद्मानगर, कुठेही उभे राहावे, मागांचा खडखडाट भिंतींतून ऐकू येतो. या खडखडाटाबद्दल थोडेफार बोलले तरी जाते. धुळीबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण धूळ आवाज करीत नाही.

मागाची खोली ज्याने आतून पाहिली आहे त्याला वेगळे वर्णन सांगण्याची गरज नाही. ज्याने पाहिलेली नाही त्याच्यासाठी एवढेच पुरे : छताच्या पत्र्याला, विजेच्या तारांना, मागाच्या सांगाड्याला पांढुरक्या तुसाची झालर लोंबत असते. खिडक्या बहुधा बंद. त्यामागे दुष्टावा नसतो, धंद्याचे शास्त्र असते. बाहेरचा कोरडा वारा आत आला की सूत कोरडे पडते आणि धागे तुटतात, म्हणून हवा कोंडून ठेवायची. साचणारे तूस झाडूने, फडक्याने, कुठे कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचे, म्हणजे मागावरची धूळ माणसाच्या नाकासमोर आणायची. हे सारे बारा-बारा तासांच्या पाळीत, अनेक माग एकट्याने सांभाळत. मजुरी कापडाच्या लांबीवर. जो थांबला तो बुडाला. पाळी संपली की भिस्सीत जेवायचे आणि पुष्कळदा कारखान्याच्याच माळ्यावर किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत अंग टाकायचे. म्हणजे आठ तासांच्या कामासाठी जगाने ठरवलेल्या धुळीच्या मर्यादा इथे लावायच्या म्हटल्या, तरी हिशेब जुळत नाही. हा माणूस आठ तास धुळीत नसतो, जवळजवळ दिवसभर असतो.

गंमत अशी की डोळ्यांना दिसणारे हे तूस खरे अपराधी नव्हेच. मोठे तंतू नाकातच अडकतात, शिंकेबरोबर बाहेर पडतात. घातक असते ती न दिसणारी बारीक धूळ. कापसाच्या बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा तिच्यात असतो आणि त्या चुऱ्यावर वाढलेल्या जीवाणूंचे विष, ज्याला वैद्यकशास्त्र एंडोटॉक्सिन म्हणते, ते असते. ते श्वासनलिकेत उतरले की नलिका आवळते. सुरुवातीला हे आवळणे तात्पुरते असते. वर्षानुवर्षे चालले की कायमचे होते. या विकाराचे नाव बिसिनोसिस. १८७७ मध्ये हे नाव रूढ करणारा फ्रेंच वैद्य आद्रियाँ प्रूस्त हा पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कादंबरीकाराचा पिता होता, ही केवळ एक टीप. विकार त्याहून पुष्कळ जुना. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ताग आणि अंबाडी पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचे आणि धापेचे वर्णन आहे. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा व्यवसाय कोणता?’ हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. सव्वातीनशे वर्षे झाली. भिवंडीतल्या एखाद्या दवाखान्यात खोकणारा माणूस आला तर हा प्रश्न आजही किती वेळा विचारला जातो?

सोमवारच नाही, मग सोमवारचा ताप कसला?

बिसिनोसिसची एक खूण जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत दिलेली असते. सुटी घालवून कामगार सोमवारी कामावर आला की त्याची छाती आवळते. मंगळवारी थोडे बरे वाटते, आठवड्याच्या शेवटी तर जवळजवळ काहीच वाटत नाही, आणि पुन्हा सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी तेच. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतील कामगारांवर काम करताना रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या खुणेवरूनच रोगाच्या पायऱ्या ठरवल्या : आधी अधूनमधून पहिल्या दिवशी, मग प्रत्येक पहिल्या दिवशी, मग इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा श्वासरोध.

भिवंडीच्या डॉक्टरने ही खूण शोधायची कुठे? ज्या कामगाराला नियमित साप्ताहिक सुटीच नीट मिळत नाही, त्याला सोमवार कुठला? रोज धूळ, म्हणून रोज सारखीच छाती. रोगाची ओळख पटवणारी खूण सुटीबरोबरच पुसली जाते. या माणसाचा खरा सोमवार येतो तो वर्षातून एकदा. महिना-दोन महिने मुलुखात, मोकळ्या हवेत काढून तो परत येतो आणि मागावर उभा राहतो, त्या दिवशी. त्या दिवशी त्याची छाती भरून येते आणि तो समजतो, प्रवासाची दगदग, बदललेले पाणी. त्याच दिवशी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर त्याला एका नळीत फुंकायला सांगितले, तर फुफ्फुसाची ताकद किती घसरली हे पाच मिनिटांत कळेल. स्पायरोमीटर हे उपकरण काही दुर्मीळ राहिलेले नाही. दुर्मीळ आहे ती चौकशी.

इथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मुंबईपासून काही कोसांवर असलेल्या भिवंडीत, त्याच कापडाच्या धंद्यात, त्याच सुटीचा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर पुन्हा उभा करावा लागतो. यात केवळ विश्रांतीचा प्रश्न नाही. फुफ्फुसाला धुळीपासून मिळणारी उसंत हाच आरंभीच्या अवस्थेतला उपचार असतो.

मुंबईच्या गिरण्यांतही धूळ होती आणि रोगही होता. केईएम रुग्णालयाच्या छातीविकार विभागातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापड कामगारांतील बिसिनोसिसचा सखोल अभ्यास केला. मुंबईतील एका गिरणीतील कामगारांवरचा शोधलेख १९९५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणी कामगाराजवळ निदान राज्य कामगार विम्याचे कार्ड होते, हजेरीपट होता, मस्टरवर नाव होते. रोग सिद्ध झाला तर भरपाईचा दावा करता येत होता, कारण कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा व्यवसायजन्य रोग म्हणून भरपाईच्या कायद्यात आणि विम्याच्या कायद्यातही नोंदवलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने गिरण्यांचा कणा मोडला. विणकाम गिरण्यांतून बाहेर पडून मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे गेले. माग स्थलांतरित झाले, धूळ स्थलांतरित झाली. कार्ड, हजेरीपट आणि मस्टर मात्र परळ-लालबागला राहिले. संपाच्या इतिहासावर शेकडो पाने लिहिली गेली, पण या एका वाक्याचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही.

दहा माणसांची रेघ

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे चौदावे कलम कोणीही काढून वाचावे. धूळ जिथे उत्पन्न होते त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ ती ओढून घेणारी यंत्रणा बसवावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. स्वातंत्र्य मिळून एक वर्ष झालेल्या, निर्वासितांच्या लोंढ्याने आणि अन्नटंचाईने गांजलेल्या देशाने हे लिहून ठेवले होते. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये या कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आले. परिशिष्टातील रोगांच्या यादीत बिसिनोसिस होता आणि असा रोगी आढळल्यास डॉक्टरने तो सरकारला कळवावा, असे बंधन होते.

मग भिवंडीत हे उतरले का नाही? कारण कायदा लागू होण्यासाठी एक रेघ आखलेली होती : विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार. या रेघेच्या अलीकडे राहण्याची कला यंत्रमागाच्या धंद्याने पूर्णत्वाला नेली. एकाच छपराखाली चोवीस माग असावेत, त्यांतले सहा मालकाच्या नावावर, सहा पत्नीच्या, सहा भावाच्या, सहा मेव्हण्याच्या. चार ‘कारखाने’ आणि प्रत्येकात दहापेक्षा कमी माणसे. हवा मात्र सगळ्यांची एकच. धूळ काही भावकीच्या वाटण्या बघून पसरत नाही. कायद्यात या पळवाटेवरही उतारा होता. कलम ८५ अन्वये राज्य सरकार लहान कारखान्यांनाही तरतुदी लागू करू शकत होते. पण उतारा पुस्तकात असणे आणि तो मागाच्या खोलीत पोहोचणे यांत भिवंडीपुरते अंतर फारच मोठे राहिले.

इथे मालकवर्गाची बाजू ऐकून न घेणे अन्यायाचे होईल. भिवंडीतला मागधारक हा पुष्कळदा गिरणी मालकाच्या थाटाचा धनिक नसतो. तो स्वतःच जॉबवर काम करतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, याच्या वाट्याला मीटरमागे ठरलेली विणाई. विजेचे बिल, सुताच्या दरातील चढउतार, सुरतेची आणि परदेशी कापडाची स्पर्धा यांत तो पिचलेला आहे. ‘धूळ काढायला लाखो रुपयांची यंत्रणा बसवली तर माग विकावे लागतील’, हे त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. खोटे आहे ते त्याच्या तोंडी घातलेले दुसरे वाक्य : ‘विणकामात धूळच कमी, रोग होतो तो पिंजण्यात आणि सूतकताईत.’ पिंजण्याच्या खात्यात धूळ जास्त आणि अधिक विषारी असते, हे खरे. पण १९७८ मध्ये अमेरिकेने कापसाच्या धुळीवर मर्यादा घातली तेव्हा सूतकताईसाठी घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम आणि खळ लावणे व विणकाम यांसाठी ७५० मायक्रोग्रॅम असे दोन आकडे ठरवले. विणकामाला वगळले नाही. कमी घातक याचा अर्थ निर्धोक असा होत नाही, आणि तिथला हिशेब आठ तासांचा होता. शिवाय मागावर नुसता कापूस नसतो. खळीचा वाळलेला कोंडा असतो, मिश्र सुतातले कृत्रिम तंतू असतात. कापड अर्धे पॉलिएस्टर आहे म्हणून फुफ्फुस अर्धे वाचते, असे समजण्यास आधार नाही.

अमेरिकन गिरणी मालकांनीही तेव्हा हेच सांगितले होते की खर्च परवडणार नाही, धंदा बुडेल. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कामगाराचे आरोग्य जपणारा नियम करताना कायद्याने खर्च आणि लाभाचा तराजू लावण्याची अट घातलेली नाही, नियम अमलात आणणे शक्य आहे एवढे पुरे. पुढे १९९५ मध्ये अमेरिकन संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने मागे वळून हिशेब केला तेव्हा आढळले की प्रत्यक्ष खर्च भाकितांपेक्षा पुष्कळच कमी आला. धूळ कमी करण्याच्या निमित्ताने गिरण्यांनी नवी यंत्रे घेतली, आणि ती यंत्रे जलदही निघाली.

आणि भारताला उदाहरणासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सांगितले की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपून ठेवाव्यात, असा आदेशही त्यात होता. चाळीस वर्षे! भिवंडीत चाळीस दिवसांची नोंद मिळाली तरी पुष्कळ झाले.

मास्क वाटण्याचे पुण्य

या विषयावर कधीमधी काही होते ते म्हणजे मास्कवाटप. एखादी संस्था, एखादा उत्साही नगरसेवक, एखादे आरोग्य शिबिर. फलक लागतो, छायाचित्र निघते, कामगारांच्या हातात कापडी पट्टी येते. सेवाभाव खरा असला तरी शास्त्र चुकते. धुळीच्या नियंत्रणाचा क्रम सर्व जगात एकच मानला जातो. आधी धूळ निर्माणच होऊ नये असे बघायचे, मग ती जिथे निघते तिथेच ओढून घ्यायची, मग खोलीची हवा बदलत ठेवायची, मग धुळीतले तास कमी करायचे, आणि हे सारे करूनही जे उरेल त्यासाठी तोंडावर मुखवटा. भिवंडीत शेवटच्या पायरीपासून सुरुवात होते आणि तिथेच शेवट होतो. शिवाय साध्या कापडी पट्टीतून बारीक धूळ सहज आत जाते. उकाड्यात, दमट खोलीत, बारा तास खरा मुखवटा बांधून मागावर धावणे काय असते हे करोनाच्या काळात ज्यांना अर्धा तास मास्क असह्य झाला त्यांना तरी कळायला हवे. त्या काळात सारा देश ऑक्सिजनच्या पातळीचे आकडे तोंडपाठ म्हणत होता. मे २०२० मध्ये भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. चढणाऱ्या प्रत्येकाचा ताप तपासला गेला. त्या छात्यांत आधीपासून काय साठले आहे, हे तपासण्याचा तो मुहूर्त नव्हता, हे समजण्यासारखे आहे. पण पुढच्या वर्षांतही तो मुहूर्त आला नाही.

मग करायचे काय? पहिली पायरी तर जवळजवळ फुकटची. कोरड्या झाडूने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने मागाची सफाई करणे बंद करायचे, त्याऐवजी धूळ शोषणारे यंत्र किंवा ओले फडके वापरायचे, आणि मोठी सफाई पाळी सुटल्यावर करायची. ज्या कोपऱ्यात कांड्या भरल्या जातात तिथे धूळ जास्त आणि माणूस तिच्या अगदी जवळ. हे काम पुष्कळदा स्त्रिया करतात, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या एका जागी झाकण आणि नळी बसवून हवा बाहेर खेचणारा पंखा लावणे चोवीस मागांच्या मालकाला अशक्य नाही. सूत तुटू नये म्हणून हवा कोंडण्यापेक्षा पाण्याचा बारीक फवारा देणारे आर्द्रतायंत्र लावले तर धागाही वाचतो आणि धूळही खाली बसते. मात्र त्याचे पाणी स्वच्छ हवे, नाहीतर जीवाणूंचे विष फवाऱ्यातूनच पसरायचे. खळ नीट बसली तर उभा धागा कमी झडतो, म्हणजे सायझिंगवाल्याचे काम सुधारले तर मागावरची धूळ आपोआप घटते. मोठ्या कंपाउंडांत मात्र प्रत्येकाने वेगळी यंत्रणा बसवण्याऐवजी दहा-पंधरा मागधारकांनी मिळून एकच हवा शोषणारी आणि गाळणारी व्यवस्था करावी लागेल. पावसाचे पाणी अडवण्यासाठी एकत्र येणारे, सार्वजनिक उत्सवाची वर्गणी एका आठवड्यात उभी करणारे लोक हे करू शकणार नाहीत, असे मानणे त्यांचा अपमान ठरेल. तंत्राचा सल्ला देणाऱ्या संस्था दूर नाहीत : घाटकोपरला वस्त्रोद्योग संशोधन करणारी ‘बिट्रा’ आहे, वरळीला ‘सस्मिरा’ आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे.

पैशाचे म्हणाल तर यंत्रमागाला सरकारी पैसा मिळतच नाही असे नाही. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्राच्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा प्रारंभ भिवंडीतच झाला. साध्या मागाच्या सुधारणेसाठी अनुदान होते. त्या सुधारणांत एक होती ती धागा तुटताच माग आपोआप थांबवणारी कळ. कापडात दोष राहू नये म्हणून ही कळ अगदी योग्य. तीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, त्या सुधारणेची मुदत संपली. धागा तुटला की यंत्राने थांबावे यासाठी सरकारने पैसा दिला. माणसाचा श्वास तुटू लागला तर कुठे काही थांबावे, असे त्या योजनेच्या कागदात कुणाला सुचले नाही. राज्याची वीज सवलत आजही चालू आहे. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने सत्तावीस अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना युनिटमागे एक रुपयाची आणि त्याहून मोठ्यांना पाऊण रुपयाची अतिरिक्त सवलत मंजूर केली. अडचणीतल्या धंद्याला हा हात देणे योग्यच होते. पण ज्या सवलतीसाठी मागधारकाची, त्याच्या जोडणीची, अश्वशक्तीची नोंद सरकारजवळ होते, त्याच सवलतीला दोन साध्या अटी जोडता येतात : कोरडी सफाई बंद, आणि वर्षातून एकदा मागावरच्या प्रत्येक माणसाची फुफ्फुस चाचणी. विजेचा प्रत्येक युनिट या शहरात मोजला जातो. त्या युनिटाबरोबर किती धूळ उडाली, हे मोजायला कोणी यायचे नाही का?

या वेळी हा विषय काढण्याला आणखी एक कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाना कायदा इतिहासजमा झाला. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची रेघ दहावरून वीस माणसांवर नेली. सुरक्षेची सर्वसाधारण कर्तव्ये सांगणारे प्रकरण दहा माणसांनाच लागू राहिले, हे खरे. पण ज्या धंद्याने दहाच्या रेघेखाली सहज वाकून दाखवले, त्याला वीसची रेघ म्हणजे उघडे दारच. २०२० मध्ये संसदेत संहिता मंजूर झाल्या तेव्हा दत्तोपंत ठेंगडींनी उभ्या केलेल्या भारतीय मजदूर संघाने औद्योगिक संबंध आणि व्यावसायिक सुरक्षा या दोन संहितांतील तरतुदींना जाहीर विरोध केला होता. आपल्या विचारांचे सरकार असताना तो केला गेला, ही त्याची विशेष नोंद. कायदा चांगला की वाईट हे सरकार कोणाचे यावरून ठरवणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

तरीही याच संहितेत एक किल्ली ठेवलेली आहे. जिवाला धोका असलेल्या कामांच्या बाबतीत सरकार तिच्या तरतुदी एकच कामगार असलेल्या जागीही लागू करू शकते. कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी मालकाने विनामूल्य करावी, असेही तीत आहे. सूचना देणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत बिसिनोसिस आजही आहे. म्हणजे कापूस आणि मिश्र सुतावर चालणाऱ्या यंत्रमागांना एका अधिसूचनेने या कक्षेत आणता येते. त्यासाठी नवा कायदा नको, नवे आयोग नकोत. राजस्थानने सिलिकोसिसच्या रोग्यांसाठी २०१९ मध्ये धोरण आणले. त्यात निदान झालेल्याला तीन लाख आणि त्याच्या पश्चात कुटुंबाला दोन लाख रुपयांची तरतूद केली. खाणींच्या राज्याने खाणीतल्या माणसासाठी जे केले, ते कापसाच्या आणि कापडाच्या राज्याने मागावरच्या माणसासाठी का करू नये?

हा माणूस मतदारयादीत बहुधा इथला नसतो, हे त्याचे खरे उत्तर असावे. तो परप्रांतीय आहे म्हणून एका पक्षाला नको, तो संघटित नाही म्हणून दुसऱ्याच्या संपात उपयोगी नाही, त्याचा धर्म कोणता हे आधी विचारून मग त्याच्याविषयी कळवळा आणणारे तर सगळ्याच बाजूंना आहेत. मागाच्या खोलीत अन्सारी आणि पद्मशाली, यादव आणि मराठा एकाच धुळीत उभे असतात. भिवंडीच्या नावाने जेव्हा जेव्हा राजकारण तापते तेव्हा या खोलीचे दार कोणीही उघडत नाही.

आणि मध्यमवर्गीय घराचे काय? पडदे, चादरी, अस्तराचे कापड, शाळेच्या गणवेशाचे कापड, यांतले किती भिवंडीतून आलेले असते याचा पत्ता दुकानदारालाही नसतो. स्वदेशीचा आग्रह धरणारे घर परदेशी वस्तूवरचा शिक्का बघते. तेच घर कापड घेताना मीटरमागे पाच रुपये कमी करून घेण्यात धन्यता मानते. ती घासाघीस व्यापाऱ्याकडून मागधारकाकडे, मागधारकाकडून बंद खिडकीकडे आणि तिथून सरळ एका छातीत उतरते. स्वदेशी कापड विणणाराही स्वदेशीच आहे, हे वाक्य तत्त्व म्हणून सगळ्यांना मान्य असते. दुकानात ते कोणाला आठवत नाही.

दर वर्षी १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी होते. भिवंडीतही यंत्रांना हार घातले जातात, मागांना हळदकुंकू लागते, प्रसाद वाटला जातो. पुढच्या १७ सप्टेंबरला शहरातल्या एखाद्याच कंपाउंडात, यंत्राच्या पूजेनंतर तासाभरासाठी दोन डॉक्टर आणि एक स्पायरोमीटर आणता येईल. नावे नोंदवायची, मागावर किती वर्षे हे विचारायचे, मुलुखातून कधी परतलास हे विचारायचे आणि नळीत फुंकायला सांगायचे. पन्नास माणसांचे आकडे एका कागदावर आले की तो कागद ठाण्याला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खात्याच्या कार्यालयात जाऊ शकतो, आणि त्याची पोच मागता येते.